साथ चालू असेपर्यंत

फाल्गुन लागला, सोलापूरचं ऊन चढायला लागलं, आणि डॉक्टर बंदेनवाजांना रोज सकाळी भीती वाटायला लागली. बाकीचं शहर त्या उन्हाची वाट बघून थकलं होतं. ऊन कडक झालं की पिसवा मरतात, पिसवा मेल्या की प्लेग उतरतो, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. थंडीभर गावाबाहेरच्या झोपड्यांत राहिलेली माणसं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन भवानी पेठेत परतत होती. बंद पडलेले माग पुन्हा खडखडायला लागले होते. आणि ज्यांनी ह्या पेठेला घरोघर फिरून सुया टोचल्या, ते बंदेनवाज मात्र सकाळी दारात येऊन आभाळ कुठं भरून आलंय का ते बघायचे.

आता तुम्ही म्हणाल, हा डॉक्टर की सैतान? सैतान नव्हते हो. भित्रे होते, एवढंच. आणि भिण्याला कारणही होतं.

बंदेनवाज सोलापूरचेच. वडील टांगेवाले. पोरगं हुशार निघालं म्हणून मामानं त्यांना मोगलाईत, निजामाच्या मुलखात नेलं, तिथल्या वैद्यकीच्या शाळेत घातलं, आणि काही वर्षांनी ते रीतसर सनद घेऊन परत आले. गाडी सरहद्द ओलांडून इंग्रजी मुलखात शिरली आणि सनदेची रद्दी झाली. त्यांची सनद मुंबईच्या नोंदणीत चालत नव्हती. नोंदणीत नाव नाही तर डॉक्टर नाही, मग तुम्ही माणूस मरणाच्या दारातून ओढून आणा नाहीतर काही करा. बंदेनवाजांनी उमेदीची वर्षं कुर्डुवाडीला दुसऱ्याच्या दवाखान्यात औषधं ढवळत आणि पुड्या बांधत काढली. लोक 'ओ कंपौंडर' म्हणून हाक मारायचे, हे 'ओ' द्यायचे. रोज द्यायचे, आणि रोज आतून थोडे झिजायचे.

मग एकोणीसशे तेविसाच्या थंडीत प्लेग आला. डॉक्टर पुरेनात, तेव्हा अशा शिकलेल्या पण बिननोंदणीच्या माणसांना तात्पुरते परवाने मिळाले. बंदेनवाजांच्या वाट्याला भवानी पेठ आली. परवान्यावर मुदतीच्या जागी लिहिलं होतं, 'साथ चालू असेपर्यंत.' महिनाभर नवा रोगी सापडला नाही की साथ संपली, साथ संपली की परवाना संपला. त्यात कुणाचं कपट नव्हतं. पण आपण एका माणसाची भाकरी प्लेगाच्या चुलीवर ठेवतो आहोत, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.

त्यात आणखी एक आशा होती, आणि आशेनंच घोळ केला. चैत्रात मुंबईला बैठक होती. तात्पुरत्या परवान्यावर ज्यांनी चांगलं काम केलं, त्यांची नावं त्या बैठकीत कायमच्या नोंदणीसाठी निघणार होती. अट एकच, बैठकीच्या दिवशी परवाना चालू हवा. आरोग्य अधिकारी वेणीमाधवराव मोठे सज्जन. त्यांनी स्वतः सांगितलं होतं, "डॉक्टर, तुमचं नाव मी पहिलं घातलंय." ते ऐकून बंदेनवाजांच्या बायकोनं, शमशादनं, दर्ग्याला चादर बोलली.

आणि इकडे पेठेत नवा रोगी सापडून महिना होत आला होता. चैत्रातली बैठक अजून लांब होती.

खरं तर शिमग्याच्या आधी एक रोगी सापडला होता, आणि त्यानंच सगळा नाश केला. चनबसप्पा विणकराच्या थोरल्या मुलाला ताप आला, जांघेत गाठ आली. बंदेनवाजांनी गाठ चाचपली आणि तडक आरोग्य कचेरीत वर्दी दिली. सफाईची टोळी आली. माळवदाला, मातीच्या छपराला भोकं पाडून ऊन आत घेतलं, भिंती धुतल्या, मागावर चढवलेल्या रेशमी ताण्यावर, उभ्या धाग्यांवर औषधाचं पाणी मारलं. ताण्याचा रंग उतरला. लग्नसराईचं लुगडं होतं ते. घरादाराला झोपडीत नेऊन टाकलं, आणि दोन दिवसांनी पोराची गाठ बसली, ताप गेला. प्लेग नव्हताच. अवधाण होतं.

अवधाण म्हणजे विणकरांच्या घरचा नेहमीचा पाहुणा. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो आणि दिवसभर पायांनी पावड्या दाबतो. तळपायाला चिरा पडतात, एखादी चीर पिकते, की जांघेत गाठ येते आणि अंग तापतं. पोटीस बांधलं, पायाची जखम धुतली की गाठ बसते. पण प्लेगाची गाठही बहुधा जांघेतच येते, आणि पहिल्या दिवशी दोन्हीत फरक करायचा म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो.

पेठेला एवढं बारीक कळण्याचं कारण नव्हतं. पेठेनं आपला अर्थ लावला. "ह्या डागदराला पिलेग पायजेच हाय की. पिलेग गेला की ह्याचं दुकान बंद." बंदेनवाज रस्त्यानं निघाले की बाया दारं लोटून घ्यायच्या. वेणीमाधवराव रागावले नाहीत, पण हळूच म्हणाले, "डॉक्टर, डोळ्यांना जरा जास्त दिसायला लागलंय का?"

बंदेनवाजांना ह्या सगळ्याचा संताप यायला हवा होता. आला नाही. कारण चनबसप्पाच्या मुलाची गाठ बोटांना लागली, त्या क्षणी त्यांना आनंद झाला होता. एका पोराला प्लेग झाला म्हणून आनंद! तो त्यांनी लगेच गिळला, पण झालेला होता, आणि तो त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. तेव्हापासून त्यांना प्लेगाची वाटत नव्हती तेवढी भीती स्वतःच्या बोटांची वाटायला लागली.

शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी गुरम्मा दारात आली. रेवणसिद्ध विणकराची बायको. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "डागदरसाब, जरा येता का? ह्यांच्या अंगात कणकण हाय."

"गाठ आहे?"

तिनं मागं वळून कुणी ऐकतंय का ते पाहिलं. मग म्हणाली, "हाय. पर पायाला जखम बी हाय की."

रेवणसिद्ध मागाशेजारीच घोंगडीवर पडला होता. तिशीचा, उभट अंगाचा गडी. उशाशी त्याची आई सिद्धम्मा बसली होती, हातातला पंखा हलवत. मागावर अर्धं लुगडं विणून झालेलं होतं, हिरव्या अंगाचं, तांबड्या काठाचं. बंदेनवाजांनी कंदील जवळ ओढला. उजव्या तळपायाला चीर होती, पिकलेली. उजव्याच जांघेत गाठ. ताप होता, पण फार नव्हता. अवधाणच, असं कुणीही म्हणालं असतं. फक्त गाठीला बोट लागताच रेवणसिद्ध कळवळला. अवधाण दुखतं, पण इतकं नाही. आणि डोळे. डोळे तांबारले होते.

"कधीपासनं डोळे असे?"

"दोन दिस झालं, बारीक काम धरलंय न्हवं," रेवणसिद्धच बोलला. "काठाचं."

"घरात उंदीर मरून पडला?"

"न्हाय की," गुरम्मा चटकन म्हणाली. सिद्धम्माचा पंखा क्षणभर थांबला आणि पुन्हा हलायला लागला.

बंदेनवाजांनी तो थांबलेला पंखा पाहिला. प्लेग आहे, असं त्यांच्या मनानं स्वच्छ सांगितलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला, तुला हवा आहे म्हणून दिसतोय. रविवारी महिना भरतो. आज रोगी सापडला की परवाना वाढला, चैत्र गाठला, नोंदणी झाली. तुझे डोळे आता डॉक्टरचे राहिले आहेत का? मागच्या वेळी असंच दिसलं होतं ना? त्या पोराच्या बापाचं लुगडं नासवलंस, आता ह्याचं नासवणार?

त्यांनी पुन्हा गाठ बघितली, पुन्हा जखम बघितली. जितकं बघावं तितकं दिसेनासं होत होतं. खरं काय, हे विचारायला शेवटी त्यांच्या हाती एकच माप उरलं. जे बोलल्यानं आपला फायदा होईल ते खोटं असणार, आणि ज्यानं आपलं नुकसान होईल ते खरं असणार. घाबरलेल्या इमानदार माणसाला असलं माप फार पटकन पटतं.

"अवधाण हाय," ते म्हणाले. "जवसाचं पोटीस बांधा. पाय धुवा. मागावर बसायचं न्हाय."

त्या घरानं एकदम श्वास सोडला. गुरम्मा हसली, मग तिला रडू आलं. सिद्धम्मानं कानडीत देवाचं नाव घेतलं आणि डॉक्टरांच्या हातावरून आपला खरखरीत हात फिरवला. दारात जमलेल्या शेजाऱ्यांनी वाट करून दिली, कुणीतरी चक्क रामराम घातला. शिमग्यानंतर पहिल्यांदाच पेठेनं त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहिलं. बरं वाटायला हवं होतं. ते मात्र मान खाली घालून घाईनं घरी निघाले.

"क्या हुआ जी? मूँ उतर्या सो दिख रा," घरी शमशादनं विचारलं.

"कुछ नहीं. अवधाण है."

"फिर डर काय का?"

ते हात धुवायला मागच्या दारी गेले.

शनिवारी ते जाऊन आले. ताप उतरलेला होता, रेवणसिद्ध भिंतीला टेकून बसला होता, पेज प्याला होता. घर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरलं होतं. बघायला आलेली माणसं, त्यांची पोरं, सगळी त्याच मागाच्या खड्ड्याभोवती टेकलेली. आजाऱ्याला भेटायला जाणं ही आपल्याकडची रीतच. बंदेनवाजांच्या जिभेवर आलं होतं, गर्दी करू नका. पण अवधाणाला गर्दी करू नका म्हणून कोण सांगतो? लगेच कुजबुज झाली असती. ते तसेच परतले. गाठ मात्र जरा मोठी वाटली होती. वाटली होती, की होती?

रविवारी ते गेलेच नाहीत. अवधाणाला डॉक्टर रोज रोज कशाला येतो, असं लोक म्हणतील, हे त्यांनी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण हे की त्यांना बघायची भीती वाटत होती. दिवसभर ते दाराशी पावलं वाजली की दचकत होते. दुपारी खरंच पावलं वाजली. वेणीमाधवराव होते.

"डॉक्टर, आज महिना भरला. उद्या साथ संपल्याचं जाहीर करतोय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमच्या नोंदणीचं राहिलं, त्याचं मला फार वाईट वाटतंय. तुमच्या पेठेत काही नाही ना?"

आत्ताच. आत्ताच बोलायचं. बंदेनवाजांनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"एक अवधाण आहे," ते म्हणाले. "विणकर आहे."

"खात्री आहे?"

"आहे."

वेणीमाधवरावांनी टोपी घालायला उचलली आणि तशीच हातात धरली. आपल्या परवान्याविरुद्ध साक्ष देणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नसावा. "तुमच्याबद्दल पेठेत काहीबाही बोलतात," ते उठता उठता म्हणाले, "त्यांना आज इथं आणायला हवं होतं." बंदेनवाजांना त्या शब्दांनी भरून आलं. आपण स्वच्छ आहोत, असं त्यांना वाटलं. पुढं आयुष्यभर त्यांना त्या वाटण्याची शरम वाटणार होती.

सोमवारी उजाडताच गुरम्माची हाक आली. रेवणसिद्ध उठून मागाकडे निघाला होता. दारू प्यायल्यासारखा झुलत होता, जीभ लुळी पडली होती, आणि काठ राहिलाय, काठ राहिलाय, एवढंच पुटपुटत होता. चौघांनी त्याला धरून आडवा केला. बंदेनवाजांनी उंबऱ्यातूनच पाहिलं. आता हात लावायची गरज नव्हती, मापाची गरज नव्हती.

ते पळत कचेरीत गेले. चपला कुठं सुटल्या ते त्यांना कळलंही नाही. टोळी येईपर्यंत दुपार झाली, आणि टोळीच्या आधी रेवणसिद्ध गेला. त्याच्यावर तसा इलाज कुणाकडेच नव्हता, शुक्रवारीही नव्हता. पण शुक्रवारी ते घर रिकामं करता आलं असतं. शनिवारी, रविवारी त्या खड्ड्याभोवती जी माणसं टेकली, ती टेकली नसती. बंदेनवाजांना ती एकेक आठवत होती, कोण कुठं बसलं होतं ते सुद्धा.

आठवडा उलटायच्या आत त्यातली कितीतरी गावाबाहेरच्या झोपड्यांत येऊन पडली. पुन्हा तीच बोळकी, तेच तट्टे, तीच कण्हणी. ऊन होतं, कडक होतं, पण आता त्याच्यावर कुणाचा भरवसा राहिला नव्हता. बंदेनवाज सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिथं राबत होते. जेवत नव्हते. शमशादनं पाठवलेला डबा तसाच परत जायचा.

एके सकाळी वेणीमाधवराव टांग्यातून उतरले आणि सिद्धम्माच्या झोपडीसमोर त्यांनी बंदेनवाजांना गाठलं. खिशातून कागद काढला.

"परवाना वाढवलाय. साथ आता वैशाखाशिवाय हलत नाही. चैत्राची बैठक तुम्हाला सापडली, डॉक्टर." ते थकलेले दिसत होते. "ह्यात आनंद मानायचा नाही, पण तुमचं काम मी पाहतोय."

बंदेनवाजांनी कागद घेतला नाही.

"मला शुक्रवारीच शंका आली होती," ते म्हणाले.

"कसली?"

"रेवणसिद्धची. मी बोललो नाही."

वेणीमाधवरावांचा चेहरा बदलला. "का? मी रविवारी विचारलं होतं तुम्हाला."

"बोललो असतो तर परवाना वाढला असता, म्हणून."

वेणीमाधवरावांना ह्या बोलण्याचा काही ताळमेळ लागेना. परवान्यापायी खोटा प्लेग दाखवणारा माणूस त्यांना समजला असता. हे त्यांच्या समजेच्या पलीकडचं होतं. त्यांनी कागद झोपडीच्या तोंडाशी असलेल्या बाजेवर ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि ते टांग्याकडे वळले.

झोपडीच्या आत गुरम्मा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. बंदेनवाजांना वाटलं, आता ही ओरडेल, अंगावर धावून येईल. त्यांनी मान खाली घातली. आलीच असती तर बरं झालं असतं.

"आमी बी खरं सांगितलं न्हाय, डागदरसाब," ती सावकाश म्हणाली. "उंदीर पडला हुता. खड्ड्यातच. ह्यांनी गुपचूप परड्यात पुरला. मागावर ताणा हुता न्हवं, अर्धं लुगडं टाकून कुटं जायाचं? मी म्हनलं, मोठ्या दवाखान्यात दाखवू. तर हे म्हनले, तितं नको. ह्याच डागदराला बोलीव. त्याला पिलेग पायजे हाय. त्याच्या तोंडातनंच न्हाय आलं, तर मग न्हायच की."

पेठेनं बंदेनवाजांना लबाड ठरवलं होतं, आणि त्या लबाडीवरच ह्या माणसांनी विश्वास टाकला होता. लबाड माणूस नाही म्हणतोय म्हणजे नक्की नाही. चोख राहायच्या धडपडीत त्यांनी जो शब्द उच्चारला, त्याच्याइतका पक्का शब्द त्या घराला दुसऱ्या कुणाकडूनच मिळाला नसता. रेवणसिद्ध त्या शब्दावर निर्धास्त झोपला होता.

"आत या," गुरम्मा म्हणाली. "अत्तीला बघा."

सिद्धम्मा गोधडीवर निजली होती. सुनेनं सासूचा हात हळूच उचलून धरला. काखेत गाठ होती. बंदेनवाज गुडघ्यावर बसले, बोटं पुढं केली. ताप होता, जीभ पांढरी पडली होती, गाठीला हात लागताच म्हातारी कळवळली. हाताला कुठं खरचटलेलं नव्हतं, जखम नव्हती. संशयाला जागाच नव्हती. तरी त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं.

"पिलेग हाय, गुरम्मा," ते म्हणाले.

गुरम्मानं सासूचा हात खाली ठेवला. मग तिची नजर बाहेर बाजेवरच्या कागदाकडे गेली. तिला अक्षर येत नव्हतं, पण तो कागद कसला आहे ते सगळ्या छावणीला ठाऊक होतं.

"खरंच हाय," तिनं विचारलं, "का तुमाला पायजे म्हनून?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. बंदेनवाजांनी तोंड उघडलं. आहे, असं म्हणायचं होतं. एवढं स्वच्छ त्यांना कित्येक दिवसांत काही दिसलं नव्हतं, पण ते डोळे आपले आहेत की त्या कागदाचे, हे त्यांना सांगता येईना. म्हातारी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"थांब," ते कसेबसे म्हणाले. "साहेब अजून लांब गेले नसतील. त्यांना बघू दे. ते सांगतील."

आणि डॉक्टर बंदेनवाज भर उन्हात, त्या टांग्यामागं हाका मारत पळत सुटले.